सुतळी, सासूबाई आणि लिफ्टचं झाकण

सासूबाईंनी आपल्या जावयाला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून.

त्या वेळी त्या कोणाच्या सासूबाई नव्हत्या. लग्नाच्या वयाच्या एका मुलीच्या आई होत्या आणि त्या मुलीला घेऊन चष्म्याच्या दुकानात निघाल्या होत्या. दुकान पाचव्या मजल्यावर. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली. इथपर्यंतची हकीकत कोर्टात शपथेवर सांगता येईल. पुढची सासूबाईंची आहे, आणि ती दर सांगण्यागणिक वाढत गेलेली आहे. पहिल्या वर्षी लिफ्ट नुसती थांबली होती. दुसऱ्या वर्षी ती थांबण्याआधी हादरायला लागली. मग दिवे गेले. मग एक दोर तुटला. अलीकडे तर सगळे दोर तुटून लिफ्ट एकाच तारेवर लोंबकळत असते, फटींतून धूर येत असतो, कोपऱ्यात एक आडदांड पहिलवान आईच्या नावाने गळा काढत असतो, आणि एकट्या सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत "रडू नकोस, मी आहे ना" म्हणत असतात. अशा वेळी डोक्यावर खट्ट आवाज होतो. लिफ्टच्या टपावरचं झाकण उघडतं. त्यातून दोन बूट येतात. बुटांमागून पाय येतात. पाय येतच राहतात.

"मी म्हटलं, हा माणूस संपतो की नाही?" सासूबाई इथे हात वर नेऊन दाखवतात. "सुतळीचं बंडल उलगडत यावं तसा उतरला. अंगाचा कुठे स्पर्श नाही झाकणाला! आणि उतरल्यावर काय म्हणाला? 'घाबरू नका आई, मी आलोय.'"

प्रत्यक्षात तो म्हणाला होता, "बटणांशी कोणी खेळलं का?" आणि लिफ्टमध्ये त्या दोघींखेरीज फक्त एक म्हातारे गृहस्थ होते. ते रडत नव्हते, पेपर वाचत होते. पण मुलगी मात्र खरोखरच होती, तिने त्या लांबलचक माणसाकडे नीट पाहिलं, आणि वर्षाच्या आत सासूबाई सासूबाई झाल्या. सुतळी हे नाव लग्नात व्याह्यांनी उचललं, तिथून ते लिफ्टच्या कंपनीत गेलं आणि कायमचं चिकटलं.

पुढे नाव सुतळीच राहिलं. माणसाचा आधी दोरखंड झाला आणि मग पिंप.

यात त्याचा दोष थोडा आणि धंद्याचा फार, असं सुतळीचं म्हणणं. बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या बायकांना तो देवदूत वाटायचा, आणि देवदूताला कोणी कोरड्या तोंडाने पाठवत नाही. चहा, बिस्किटं, केकचा तुकडा, "एवढं संपवाच हं." दिवसाला पाच-सहा इमारती. त्यात पायऱ्या चढणं हा तो आपल्या धंद्याचा अपमान समजायचा. डॉक्टरने शेजारणीचा काढा पिऊन बरं व्हावं तसं ते त्याला वाटे. पहिल्या मजल्यावर जायचं असलं तरी तो लिफ्टची वाट पाहत उभा राही.

पण त्या उभ्या अंधाऱ्या विहिरीवर, जिच्यातून लिफ्ट वरखाली होते, त्याचा जीव होता. टपावर उभं राहून, डोक्यावरून जाणाऱ्या दोरांना नुसता तळवा लावून तो कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगे. ग्रीसचा वास त्याला बायकोच्या अत्तराहून आवडतो, हे बायको स्वतः सांगायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असल्यामुळे तिला अत्तर लावायची फारशी मुभा नव्हती, हा भाग वेगळा.

मग ती दंतवैद्याची भानगड झाली. एक दंतवैद्य आणि त्याचा पेशंट, अर्धवट भरलेल्या दाढेसकट, दोन मजल्यांच्या मधे अडकले. सुतळी नेहमीप्रमाणे वरच्या मजल्याच्या दारातून टपावर उतरला, झाकण उघडलं, पाय आत सोडले आणि कमरेशी येऊन रुतून बसला. खाली जाईना, वर येईना. खालून दंतवैद्याने त्याचे बूट धरून ओढले. वरून कामावरच्या जोडीदाराने काखेत हात घालून खेचलं. पेशंट तोंड उघडं ठेवून पाहत होता, कारण त्याला ते बंद करायची परवानगी नव्हती. शेवटी दुसरी गाडी बोलवावी लागली आणि सोडवायला आलेल्या माणसाला सोडवण्यात सगळी दुपार गेली.

कंपनीच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याला वाक्यं पूर्ण करायची सवय होती.

"सुतळी, वर्षअखेरीला अडकलेल्यांना सोडवायची कवायत असते."

"माहितीये साहेब."

"त्या कवायतीत तू झाकणातून आत गेलास तर तू लिफ्टवर. नाही गेलास तर तू टेलिफोनवर."

टेलिफोन म्हणजे तळमजल्यावरची, जिन्याखालची खोली. खिडकी नाही. दिवसभर कानाला यंत्र लावून "आपली तक्रार नोंदवली आहे, माणूस निघाला आहे" असं म्हणायचं, आणि तो निघालेला माणूस आपण नसायचं. सुतळी केबिनमधून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून शिपायाने न सांगता पाणी दिलं.

घरी त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली, दार लावून, हळू आवाजात. तरी सकाळी उजाडायच्या आत सासूबाई दारात हजर. पलीकडच्या गल्लीत राहायच्या त्या. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळ्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मुकादम. मुकादम हा त्यांचा कुत्रा. त्याच्या अंगावर सगळ्या जगाने मिळून पावशेर चरबी शोधली असती तरी सापडली नसती.

"जावईबापू," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "चला, जरा पाय मोकळे करून येऊ."

सुतळीने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं? रात्री आई डोकावली, तिने विचारलं, तुझा चेहरा असा का? मी म्हटलं, काही नाही, झाकणाचं आहे."

झाकणाचं म्हटल्यावर सासूबाई कशा थांबतील? ते झाकण नोकरीत सुतळीचं होतं, पण हकिकतीत त्यांचं होतं. मागच्याच महिन्यात एका बारशाला त्या ही गोष्ट रंगवून सांगत असताना एका आगाऊ भाचेसुनेने जावयाकडे आपादमस्तक पाहून विचारलं होतं, "हे? त्या झाकणातून? मावशी, झाकण गोदामाचं होतं का?"

आता इथे सासूबाईंचा एक नियम सांगायला हवा. जावयाला टाकून बोलायचं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी सुतळीला एक उणा शब्द ऐकवला नव्हता. अहो-जाहो, जावईबापू, बसा, घ्या, दमला असाल. नियम त्या मोडत नसत. नियमाला वळसा घालून जात. आणि त्या वळणावर मुकादम उभा असे.

पहिल्याच सकाळी, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी पोचेपर्यंत सुतळीला घाम फुटला. दुसऱ्या खांबाशी त्याने खांबाला मिठी मारली. सासूबाई थांबल्या. जावयाकडे पाहून मायेने हसल्या. मग खाली वाकून कुत्र्याला म्हणाल्या, "काय रे मेल्या मुकादमा! दोन खांब चाललास तर जीव चालला तुझा? पोट बघ केवढं सुटलंय! लाज वाटते का जनाची?"

मुकादमाने आपल्या पाठीला चिकटलेल्या पोटाकडे पाहिलं.

"आई, जरा... दम..." सुतळी म्हणाला.

"घ्या ना जावईबापू, सावकाश घ्या. तुम्हाला कोण काय म्हणतंय? मी याला सांगतेय. हा बिस्किटं हादडतो दुसऱ्यांच्या घरी जाऊन. मला सगळं कळतं!"

घरी येऊन सुतळी खुर्चीत पडला. खुर्ची ओरडली.

"तुझी आई मला पोटावरून बोलली."

"अहो, तुम्हाला नाही. मुकादमाला बोलली."

"मुकादमाला पोट आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही मनाला का लावून घेता?" बायको म्हणाली आणि डबा घेऊन कामावर गेली.

या तर्कापुढे सुतळीचं काही चालेना. पुढचे कितीतरी दिवस तो रोज सकाळी एका कुत्र्याला दिलेल्या शिव्या ऐकत चालत राहिला. चालणं म्हणजे काय, तर आधी उजवा पाय, मग डावा, मग पोट आणि सगळ्यांत शेवटी श्वास. मांड्या एकमेकींना घासून लाल झाल्या. बायकोने दुकानातून पावडर आणली. ती घामात भिजून लगदा झाली, तेव्हा मलम आणलं. मलमाने पँटीला डाग पडले, तेव्हा ती म्हणाली, "मांड्या जरा लांब लांब ठेवून चालता येत नाही का?" बूट घ्यायला गेला तर दुकानदाराने त्याच्याकडे पाहून न विचारता सगळ्यांत जाड तळव्यांचा जोड काढला आणि वर म्हणाला, "याला गॅरंटी आहे. म्हणजे इतरांसाठी आहे."

त्यात सल्ले! जाड माणूस रस्त्यावर चालताना दिसला की अख्ख्या गावाला बोलायला विषय मिळतो. पेपरवाला म्हणे, नाकाने श्वास घ्या. पाववाला म्हणे, तोंडाने घ्या. रखवालदाराने सांगितलं, उलटं चाला, माझ्या साडूचं उलटं चालून उतरलं. एका फाटकातून रोज एक गृहस्थ दात घासत बाहेर यायचे. तोंडात फेस असल्यामुळे काय सांगायचे ते कळायचं नाही, पण ब्रश हलवून बराच वेळ सांगायचे. सुतळी सगळ्यांना हो म्हणायचा, कारण नाही म्हणायला जास्त हवा लागते.

मग सासूबाईंच्या डोक्यात पायऱ्यांचं आलं.

"मुकादमा," त्या एके दिवशी म्हणाल्या, "तू दिवसभर लिफ्टनेच फिरतोस म्हणे. शोभतं का रे? जिने काय शोभेला बांधलेत?"

सुतळीने निमूटपणे लिफ्ट सोडली. पोटावर पाणी सोडणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं. कामावर जिथे जाईल तिथे जिना चढून जायचं ठरवलं, आणि इथेच घोटाळा झाला. एका उंच इमारतीत तो नेहमीच्या तपासणीला गेला. हातात हत्यारांची पिशवी, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव. चौथ्या मजल्याच्या वळणावर तो कठड्याला लटकून धापा टाकत असताना तिथे एक बाई लिफ्टची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं. त्याच्या शर्टाकडे पाहिलं. मग लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

"तुम्ही लिफ्टवाले ना?"

सुतळीने मान हलवली.

"मग जिन्याने का चाललात?"

उत्तर द्यायला त्याच्याकडे श्वास नव्हता. त्याने फक्त हात हलवला. तो हात 'काही विशेष नाही' असा होता, पण बाईंना तो 'आता सगळं संपलं' असा दिसला. संध्याकाळपर्यंत त्या इमारतीत एकही माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवेना. म्हातारी माणसं घरातच बसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत बातमी गेली. तिसऱ्या दिवशी टेलिफोनच्या खोलीतला यंत्रवाला डोकं धरून बसला. सगळ्यांची एकच तक्रार, तुमचा माणूस स्वतः लिफ्टमध्ये बसत नाही, आम्ही कसं बसायचं?

साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं.

"सुतळी, मी तुला झाकणातून जायला सांगितलं होतं."

"हो साहेब."

"मी तुला धंदा बुडवायला सांगितलं नव्हतं."

"नाही साहेब."

"आजपासून तू गिऱ्हाइकांसमोर लिफ्टने जाणार आणि हसत जाणार."

त्यामुळे सुतळी दिवसभर लोकांना दिसेल असा लिफ्टमध्ये हसत वर जायचा आणि कोणी नाही असं पाहून चोरासारखा जिन्याने खाली यायचा. खाली येण्याने काही उतरत नाही, असं सासूबाईंनी मुकादमाला सांगितलं.

पळण्याची सुरुवात कोणी ठरवून केली नाही. सासूबाईंचं चालणंच तसं होतं. त्या चालायला लागल्या की पुढे जायच्या, मुकादम त्यांच्या पुढे, आणि त्या बोलत पुढे जायच्या. आपल्याविषयी काय बोललं जातंय ते ऐकू येत नाही, याहून वाईट अवस्था नाही. एका सकाळी वाऱ्यावर "...आणि अशाने टेलिफोनवर बसशील..." एवढंच कानावर आलं आणि सुतळीचं टाळकं फिरलं. पुढचं ऐकायलाच हवं म्हणून त्याने पाय उचलले. त्याला गाठायचं होतं ते फक्त वाक्य. पण दात घासणाऱ्या गृहस्थांनी ब्रश काढून, तोंडातला फेस थुंकून, पहिल्यांदाच स्वच्छ शब्दांत ओरडून सांगितलं, "अहो, पळताय तुम्ही!"

म्हणजे सासूबाईंचं चालणं ते जावयाचं पळणं, असा हिशेब जमला. रोज सकाळी रस्त्याने एक म्हातारी चालत जायची, आणि तिच्याशेजारी एक भलाथोरला माणूस, जमीन हादरवत, पूर्ण वेगाने पळत, तिच्या बरोबरीने राहायचा. पोरंटोरं गच्चीवरून बघायची. सुतळीचा वैताग इतका वाढला की त्याच्या भरात तो आधीपेक्षा जास्त पळायला लागला. गुडघे दुखले की चिडायचा, चिडला की पळायचा, पळाला की गुडघे दुखायचे. पण पट्ट्याची भोकं मागे सरकायला लागली, हे त्याच्याही लक्षात आलं. एकदा तर पायजम्याची नाडी इतकी उरली की बायकोने तिची फुलाची गाठ मारून दाखवली.

वजनकाट्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो मेकॅनिक होता. वजन किती हा प्रश्नच नाही, मावतो की नाही हा प्रश्न. म्हणून त्याने गोदामातल्या लाकडी खोक्याच्या फळ्या आणून बरोबर झाकणाच्या मापाची चौकट बनवली आणि घरातल्या अडगळीच्या खोलीच्या दारात ठोकली. दर रविवारी, आंघोळीच्या आधी, तो पालथा होऊन, हात डोक्यापुढे ताणून त्यातून सरकायचा प्रयत्न करी. सुरुवातीला डोकं आणि एक खांदा जाई. मग दोन्ही खांदे. मग छाती. पोट मात्र येऊन दाराशी थांबे.

कवायत आठवड्यावर आली तरी पोट दाराशीच.

"हे कसं?" तो भडकला. "पँट ढिली होते, शर्ट ढिला होतो, पट्टा दोनदा गुंडाळावा लागतो, आणि चौकट मात्र ढिली होत नाही! काय घरचं लाकूड फुगतंय का?"

म्हणून त्याने टेप काढला. उभं माप घेतलं. भुवई वर गेली. आडवं माप घेतलं. दुसरी भुवई वर गेली. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या आतल्या कडेवर, लाकडाच्याच रंगाची, फेल्टची पट्टी चिकटवलेली होती. खुर्चीच्या पायांना लावतात तसली. एकावर एक, थरावर थर. आणि उभ्या बाजू मात्र कोणीतरी पॉलिश पेपरने घासघासून बारीक केल्या होत्या.

त्याने दोघींना अडगळीच्या खोलीसमोर उभं केलं. मुकादमही आला.

"फेल्ट कोणी लावलं?"

सासूबाई मुकादमाला म्हणाल्या, "चौकटीतून गेलास की तू पळणं सोडशील, हे का मला कळत नाही? म्हणून थोडी अडचण ठेवली मेली."

"आणि घासलं कोणी?"

बायकोचे डोळे भरून आले. "रविवारी तुमचं तोंड एवढंएवढंसं होतं. मला बघवेना. म्हटलं, निदान घरात तरी गेलात तर बरं वाटेल."

"अगं, पण पोट बाजूंना अडतच नव्हतं! ते समोर आहे ना! घासायचं होतं तर वरची-खालची बाजू घासायची!"

"मला काय माहीत, तुम्ही कुठे अडता ते? मी डोळे मिटून घ्यायचे."

सुतळी मटकन खाली बसला. इतके दिवस, इतका घाम, इतकं मलम, आणि तो तयारी करत होता ती जगातल्या कुठल्याही लिफ्टला नसलेल्या झाकणाची! बाजूला अघळपघळ, पुढेमागे चिंचोळं. खऱ्या झाकणातून जाईल का, हे आता घरात कोणालाच माहीत नव्हतं. नवी चौकट करायची त्याने साफ नाकारली. "या घरात सरळ माप टिकत नाही," म्हणाला, आणि जुनी चौकट काढून तिचे तुकडे केले.

कवायतीला कंपनीच्याच इमारतीतली जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवायची आणि आत खोटे प्रवासी ठेवायचे अशी पद्धत होती. खोटे प्रवासी म्हणून कोणी कारकून यायला तयार नसत. सासूबाईंनी स्वतः साहेबांना गाठून सांगितलं की अडकण्याचा आपल्याला अनुभव आहे. साहेबांनी त्यांना आणि मुकादमाला आत घेतलं. साहेब स्वतःही घड्याळ घेऊन आत उभे राहिले.

सुतळी वरून टपावर उतरला. दोरांना तळवा लावला. तो थंडपणा, तो ग्रीसचा वास, खाली दूर कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज. जिन्याखालच्या त्या खोलीत यातलं काही असणार नव्हतं. त्याने झाकण उघडलं, कडेवर बसला आणि पाय आत सोडले.

आतून सासूबाईंनी मान वर केली. दोन बूट आले. पाय आले. मांड्या आल्या. मग जरासं पोट आलं, आणि थांबलं.

"मुकादमा," सासूबाई कुजबुजल्या, "श्वास सोड."

वर सुतळीने पोट आत ओढून छाती भरून श्वास धरला होता. तोंड लाल झालं होतं. त्याला ऐकू आलं, पण इतक्या दिवसांच्या सवयीने त्याने ते कुत्र्याच्या नावावर जमा केलं.

"मुकादमा, श्वास सोड म्हणते ना!"

मुकादमाने इमानाने फुस्स केलं. बूट हवेत हलत राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि मग सासूबाईंच्या गळ्यातून, लिफ्टच्या पत्र्याला हादरे बसतील असा आवाज निघाला.

"तू नाही रे मुकादमा! जावई! तू! अरे गाढवा, श्वास धरून काय बसलायस? सोड तो!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तू' ऐकून सुतळीला असा धक्का बसला की तोंडातून हाय निघालं. हायबरोबर श्वास निघाला, श्वासाबरोबर पोट बसलं, आणि तो सबंधच्या सबंध लिफ्टमध्ये आला. शर्टाची दोन बटणं वरच राहिली. तो उभा राहिला. साहेबांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं.

"बटणांशी कोणी खेळलं का?" तो म्हणाला.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "घाबरू नका म्हणाला," त्यांनी साहेबांना सांगितलं. "ऐकलंत ना?"

साहेबांनी तसं काही ऐकलं नव्हतं, पण कागदावर सही केली. आपण जावयाला गाढव म्हटलं हे सासूबाईंनी पुढे कधीच कबूल केलं नाही. ते मुकादमाला म्हटलं, आणि मुकादम त्या वेळी वर होता, असं त्या सांगतात.

पुढच्या वर्षी नियम बदलला. अडकलेल्या माणसांना यापुढे दारातूनच काढायचं, टपावरची झाकणं कायमची बंद करायची. गावातली सगळी झाकणं बंद करायचं काम सुतळीला मिळालं. त्यासाठी झाकणातून जावं लागत नाही, वर उभं राहून बोल्ट पिळले की झालं. ते काम उन्हाळ्यात संपलं. पळण्याने त्याचा उजवा गुडघा गेला होता, टपावर उतरायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि आता तो टेलिफोनवर बसतो.